फीत बांधणारा

बबन,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय होऊन बसली. तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. परवा तुझी नात प्रज्ञा घरी आली होती. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्यात आठवणींची छोटी पुस्तिका वाटायची आहे म्हणाली. "नामाआजोबा, तुम्ही आबांचे सगळ्यात जुने मित्र. दोन-चार पानं लिहा. पुलाच्या पिच्चरचं जरूर लिहा, आबा त्याचं फार सांगायचे." चहा पिऊन उठली, दारापर्यंत गेली, चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "आबा खरंच होते का हो त्यात?"

तुझ्या नातीला हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागतं, त्याला कारण मी आहे. म्हणून लिहितोय. तुला पुस्तिका वाचता येणार नाही, पण ज्यांनी तुला थापाड्या म्हटलं ते सगळे रविवारी मांडवात असतील. त्यांनी वाचावं.

पिच्चरची गोष्ट तुला सांगायला नको. पण आता मुलांच्या मोबाइलवर त्याचे तुकडेच फिरतात, अख्खा कमीच जणांनी पाहिला असेल. एका गावात ओढ्यावर पूल झालेला नाही, फक्त कागदावर झालाय. मंत्री उद्घाटनाला येतो. पूल कुणीच पाहिलेला नाही, पण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिला असणार. तहसीलदार त्याची दुरुस्ती मंजूर करतो. विरोधी पक्षवाले हा पूल निकृष्ट आहे, तो पाडा, म्हणून उपोषणाला बसतात. शेवटी पूर येतो, नसलेला पूल वाहून जातो, आणि सगळं गाव ऊर बडवून खरंखुरं रडतं. दोन तासांत एकही माणूस शहाणपणाचं वाक्य बोलत नाही. ना नायक, ना उपदेश. आम्ही हसून हसून पोट धरलं होतं. इतकी सरकारं आली, गेली. पण दर निवडणुकीत तो पुन्हा वर येतो आणि प्रत्येक पिढीला वाटतं, हा आपल्याच आमदारावर काढलाय.

शूटिंग आपल्या गावाजवळच्या ओढ्यावर झालं होतं. कामशेतला उतरून ती माणसं ट्रकनं आली होती. उद्घाटनाची फीत धरायला एक गावकरी हवा होता. दिग्दर्शकानं आधी मला उभं केलं, आठवतं? कॅमेरा सुरू झाला की माझे हात लटलट कापायचे. तो वैतागला, म्हणाला, "फीत धरायचीये, वीज नाही." मग त्यानं गर्दीत हात करून तुला बोलावलं. तू खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा गँगमन. ड्युटीवरून थेट आला होतास, अंगात बनियन, खाकी पँट. त्यानं तुला तसंच उभं केलं आणि तुझ्या मागे फेटे बांधलेली गावची प्रतिष्ठित मंडळी. त्यांत माझे थोरले चुलते पुढच्या रांगेत.

तो प्रसंग दीड मिनिटाचा. फितीचं एक टोक बाभळीला बांधलेलं, दुसरं तुझ्या हातात. तहसीलदारानं तुला बजावलंय, फीत तुटता कामा नये. आणि मंत्र्याला सवय अशी की फीत दिसली की कापायची. तो कापतो, तू गाठ मारतोस. तो पुन्हा कापतो, तू पुन्हा गाठ मारतोस. तोंडावर काही नाही, अगदी रुळाचा बोल्ट कसावा तसं काम. प्रत्येक गाठीला फीत आखूड होते, तू बाभळीकडे सरकतोस, तुझ्यामागे सगळे फेटेही सरकतात. शेवटी तू बाभळीला टेकतोस आणि म्हणतोस, "फीत संपली सायेब. आता काय कापता?"

मी तेव्हा लोणावळ्याच्या टॉकीजमध्ये नुकताच ऑपरेटर झालो होतो. पिच्चर शुक्रवारी लागला. तुझ्या प्रसंगाला लोक खुर्च्यांवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्या एकमेकींना म्हणत होत्या, आता काय कापता? तू मात्र पाहिला नव्हतास. शुक्रवार-शनिवार तुझी ड्युटी होती आणि तू मला सांगून ठेवलं होतंस, "रविवारची मॅटिनी. आई येनार, सगळी वस्ती येनार. मी एकटा आधी बघनार न्हाई. आईच्या शेजारी बसून बघनार."

आता ते सांगतो, जे तुला कधीच सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी टॉकीजचे शेठ वर केबिनमध्ये आले. म्हणाले, "उद्या मॅटिनीला भाऊसाहेब येणारेत. जरा बघून चालव." एवढंच. भाऊसाहेब म्हणजे तालुक्याचे तेव्हाचे पुढारी. त्यांनी आदल्या वर्षी रस्त्याखालच्या एकाच मोरीचं दोनदा उद्घाटन केलं होतं, हे सगळ्यांना माहीत. 'बघून चालव' म्हणजे आवाज नीट ठेव, रीळ तुटू देऊ नको, असाही अर्थ होतो. मी तो घेतला नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की भाऊसाहेबांच्या भीतीनं केलं.

पण ते अर्धंच आहे. शनिवारच्या खेळाला माझे चुलते आले होते. खेळ सुटल्यावर मला फाटकाशी गाठून म्हणाले, "त्याला मधी उभा केला, आन आमी त्याच्या मागं मागं फेटे घालून सरकतोय. तालुका हसतोय आमाला. मशीन तुझ्याच हातात हाय ना रं?" मी त्यांना 'नाही' म्हणालो असतो तर काहीच झालं नसतं. फार तर दिवाळीला घरी बोलावलं नसतं.

रविवारी सकाळी मी केबिनचं दार आतून लावलं, पाचवं रीळ टेबलावर घेतलं आणि तुझा प्रसंग कापला. तो नेमका रिळाच्या शेवटी होता, त्यामुळे काम सोपं होतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तो पाहून ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करतो. तो ठिपका तुझ्या तुकड्याबरोबर निघून गेला. म्हणून मी सुईनं अलीकडच्या चौकटींवर एक फुली कोरली. आमच्या धंद्यात नियम होता, काढलेला तुकडा प्रत परत पाठवण्याआधी जागच्या जागी जोडून द्यायचा. मीही तेच ठरवलं होतं. मॅटिनी एक खेळ. संध्याकाळच्या खेळाला पुन्हा जोडायचा. तू आणि तुझी आई, माझी सोनामावशी, तर मॅटिनीलाच येणार होतात, हे मी विसरलो नव्हतो. मी त्याचा विचारच केला नाही. करायचाच नाही असं ठरवलं की माणसाला ते जमतं.

केबिनच्या भिंतीतल्या चौकोनातून मी तुम्हाला येताना पाहिलं. तीस-चाळीस माणसं. सोनामावशी नवं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर. तू तिचा हात धरून तिसऱ्या रांगेत बसवलंस. बाल्कनीत भाऊसाहेब, त्यांची मंडळी. पिच्चर सुरू झाला. लोक हसत होते, मावशी हसत नव्हती. ती पडद्यावर तुला शोधत होती. प्रत्येक गर्दीत तिचं बोट वर जायचं आणि तू ते खाली घ्यायचास. अजून न्हाई, थांब.

पाचवं रीळ. मंत्र्याची जीप ओढ्याशी थांबली. तू खुर्चीत सरळ झालास. वस्तीतल्या पोरांनी शिट्टी मारली. मंत्र्यानं खिशातून कात्री काढली. कोपऱ्यात माझी फुली चमकली. मी मशीन बदललं. मंत्री जीपमध्ये बसून परत निघाला होता.

तू उभा राहिलास. पडद्याकडे नाही, मागे वळून वर, माझ्या चौकोनाकडे बघत. उजेडाच्या झोतात तुझा चेहरा पांढराफटक दिसत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, बस ना खाली! हीरो हायेस का?" आणि सगळं थिएटर हसलं. तू बसलास.

उरलेल्या रिळांना पाऊण तास लागला असेल. त्या पाऊण तासात मी एक चिंधी घेतली, तिला मशीनचं तेल लावलं आणि डाव्या हाताला गुंडाळली.

लोखंडी जिन्यावर तुझी पावलं वाजली. तू दारात आलास. रागात होतास, मला ते हवंच होतं. एक शिवी दिली असतीस तर मी खरं बोललो असतो असं मला अजून वाटतं. पण तुझी नजर हातावर गेली.

"काय झालं रं?"

"रीळ अडकलं. सकाळी लावून बघत होतो तेव्हा. दिव्यापुढं थांबलं की पेट घेतं. शेवटचा तुकडा जळाला, बबन. तुझाच."

तू जवळ येऊन माझा हात हातात घेतलास, उलटसुलट केलास. "बोटं हलत्यात का? हलव बरं. हलव." मी हलवली. "मग बास. तू जळाला असतास तर मी कुनाला सांगनार व्हतो पिच्चरात व्हतो म्हनून?"

खाली मावशी फाटकाशी उभी होती. तू तिला सांगितलंस. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पिच्चर काय, पुन्यांदा लागंल. हात पुन्यांदा येतो व्हय?" तेवढ्यात भाऊसाहेब जिना उतरून आले. शेठ हात जोडून. ते म्हणाले, "शेठ, तो फीत बांधणारा कुठाय? माझी पोरं दोन दिवस घरात तेच करतायत. त्याच्यासाठी तर आलो होतो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंधी बांधलेला हात वर केला. आणि माझ्याऐवजी तूच बोललास. "जळालं म्हनं सायेब. मानूस वाचला ते बघा."

भाऊसाहेबांनी तुला ओळखलंही नाही. ते निघून गेले.

संध्याकाळी तुकडा जोडायचा होता. पण आता जोडला तर जळालेलं रीळ परत कुठून आलं? दुसऱ्या दिवशी मावशीनं तुझ्या हाती कोरफड पाठवली. मी ती धडधाकट हाताला लावली आणि पंधरा दिवस चिंधी बांधून मशीन चालवलं. प्रत वितरकाच्या डेपोत परत गेली, तुकडा माझ्याकडे राहिला. पावडरच्या डब्यात. तू एकदा पिच्चर पुण्यात कुठंतरी लागलाय असं ऐकून गेला होतास, पोचलास तर आदल्याच दिवशी उतरला होता. दोन वर्षांत मावशी गेली. तिनं तुला पडद्यावर पाहिलं नाही.

तूही कधी पाहिलं नाहीस.

मला वाटायचं, प्रती अनेक असतील, कुठल्या तरी प्रतीत तू असशील. मग पिच्चर टीव्हीवर आला. आपण तुझ्या घरी बसून पाहिला. मंत्र्यानं कात्री काढली, कोपऱ्यात फुली चमकली आणि मंत्री जीपमध्ये. माझ्या सुईची फुली होती ती. बाकीच्या प्रती झिजून, कुजून गेल्या असणार, नेमकी आपलीच उरली आणि तिच्यावरून सगळं झालं. आता मोबाइलवरही तीच. सगळा महाराष्ट्र माझी फुली बघतो. तू तेव्हा मान हलवलीस, "आपलीच प्रत घावली बघ यांना. काय नशीब." तुझ्या बायकोनं पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. मी पोहे खाल्ले.

त्यानंतर तू सगळ्यांचा थापाड्या झालास. कामशेतला स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात पोरं मोबाइल घेऊन यायची. "आबा, कुटल्या सीनमधी हाय तुमी? म्हशीच्या?" तू चहा फुंकत म्हणायचास, "म्हशीच्या मागं. शेपटी धरून." पोरं टाळ्या द्यायची. मग तू माझ्याकडे बोट करायचास, "या नामाला इचारा. हा मशीनवर व्हता." सुरुवातीला मी सांगायचो, होता, तुकडा जळाला. पोरं म्हणायची, दोस्तच साक्षीदार! पुढे पुढे मी नुसती मान हलवायला लागलो. शेवटच्या काही वर्षांत तर चहात बघायचो. ज्यांनी शुक्रवार-शनिवारी पाहिलं होतं त्यांतले बरेच गेले. माझ्या चुलत्यांना तू एकदा हौसेनं विचारलंस, "काका, तुमी तर माज्या मागंच व्हता." ते म्हणाले, "मला न्हाई बाबा आठवत."

एका गोष्टीवर आपला वाद कधीच मिटला नाही. मी म्हणायचो, हा पिच्चर पुढाऱ्यांची टर उडवतो, म्हणून टिकला. तू म्हणायचास, "न्हाई रं नामा. नीट बघ. त्या मंत्र्यानं अख्ख्या पिच्चरात एक तरी हुकूम दिलाय का? तो काय बोलायच्या आतच लोक करून मोकळे. पिच्चर पुढाऱ्यावर न्हाई. फीत धरून उभं ऱ्हानाऱ्यावर हाय. म्हंजी माज्यावर, तुज्यावर." मी वाद घालायचो, चिडायचो. मागच्या निवडणुकीत तर मी चहाचं बिल न देता उठून गेलो. तुला वाटलं असेल, म्हातारा तापट झालाय. तुझं बरोबर होतं, बबन. भाऊसाहेबांनी काही सांगितलं नव्हतं. ते तर तुलाच बघायला आले होते. एवढा पिच्चर पाठ असून मला कळलं नाही की मी त्यातच आहे, आणि तूच तेवढा बाहेर.

शेवटचं सांगतो. तळेगावच्या दवाखान्यात तुला ठेवलं होतं, तेव्हा मी तो पावडरचा डबा पिशवीत घालून आणला होता. ठरवून आलो होतो. गाडीत मनाशी वाक्यं म्हणत आलो. प्रज्ञा औषधं आणायला खाली गेली. खोलीत आपण दोघं. तुझ्या नाकात नळी. मी पिशवी मांडीवर घेतली, डब्याचं झाकण जरा सैल केलं. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला आंबूस वास सुटतो, व्हिनेगरसारखा. तू डोळे न उघडता म्हणालास, "कसला आंबट वास येतुया रं?"

माझ्या तोंडून गेलं, "लोणचं हाय. घरचं."

तू हसलास. "मला न्हाई चालत आता. पोरीला दे, तिला आवडतं."

मी झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

काल डबा उघडला. बहुतेक फिल्म चिकटून एक गोळा झाली आहे, तुकडे पडतात. फक्त वरचे दोन वेढे सुटले. खिडकीशी धरून पाहिले. बाभळीला टेकलेला तू आहेस, बनियनमध्ये, हातात वीतभर फीत, सगळी गाठींची. मागे माझे चुलते स्पष्ट दिसतात, ओळखू येतात. हा डबा मी या पानांबरोबर प्रज्ञाला देतोय. पोरी, तुझे आबा त्यात होते. मधोमध होते. ही लोणच्याची बरणी तुझी.

आणि बबन, तळेगावच्या गाडीत मी जी वाक्यं घोकत आलो होतो, ती ही. रीळ अडकलं नव्हतं. काही जळालं नव्हतं. माझा हात धड होता, तू तो हातात घेऊन बोटं हलवायला लावलीस तेव्हाही धड होता. तुकडा मी कापला, कुणी सांगितलं नसताना. मावशीच्या समोरून तुला मी काढलं. चुकलो रे. मला माफ कर.